मेस बंद, चायनीज चालू : जळगावात नव्याने शिकायला आलेल्यांसाठी

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे हॉस्टेलवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळतं. आईने बांधून दिलेल्या दशम्या तोवर संपलेल्या असतात, चिवड्याच्या डब्यात तळाला नुसते शेंगदाणे उरलेले असतात, आणि मग रूममधलं कुणीतरी म्हणतं, "चल, चायनीज खाऊन येऊ."

मी शहाद्याहून जळगावला आले तेव्हा चायनीज म्हणजे लग्नातल्या बुफेचा एक कोपरा, एवढंच मला माहीत होतं. गाडीवरच्या लाल बोर्डासमोर उभी राहिले, चाळीसेक नावं वाचली, एकाचाही अर्थ लागला नाही. पुढच्या मुलीने जे मागितलं तेच मागितलं. ते इतकं तिखट निघालं की अर्धी प्लेट टाकून द्यावी लागली. घरून पैसे मोजून यायचे, त्यामुळे त्या अर्ध्या प्लेटची हळहळ मला आजही आठवते. अक्कलकुवा, धडगाव, साक्री, चोपडा, यावल, कुठूनही आलेली मुलंमुली जळगाव-धुळ्याला नाहीतर शिरपूर-फैजपूरला त्या बोर्डासमोर पहिल्यांदा उभी राहतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं विद्यापीठ गिरणेकाठी, शहराबाहेर. त्यामुळे उदाहरणं जळगावची येतील, पण गाड्या सगळीकडे सारख्याच.

आधी पाच मिनिटं कढईजवळ उभं राहा

मित्र सांगतील ती जागा चांगली असेलही, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. चायनीजच्या गाडीची ही मोठी सोय आहे, की स्वयंपाकघर तुमच्या पुढ्यात असतं. मोठ्या हॉटेलात आत काय चाललंय ते दिसत नाही. इथे सगळं उघड्यावर.

बघायचं काय ते सांगते. भट्टी पेटली की तिचा आवाज येतो, जवळ उभं राहून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. कारागीर लोखंडी कढई तिच्यावर ठेवतो आणि धूर दिसेपर्यंत तापू देतो. लांब दांड्याच्या पळीने तेल टाकतो, ते कढईभर फिरवतो, वर चिरलेला लसूण. लसणाचा रंग बदलायच्या आत गाजर, फरसबी, कोबी, सिमला मिरची. मग पातेल्यातला गार भात. एक हात कढईच्या कानाला, दुसऱ्या हातात पळी, आणि भात हवेत उडून परत कढईत. त्याच पळीच्या टोकाने तो मीठ उचलतो, मिरपूड उचलतो, सोया सॉस उचलतो. मोजायला चमचा नसतो, टोकावर किती मावतं हे त्याच्या मनगटाला माहीत असतं. व्हिनेगर भातावर न टाकता कढईच्या कडेवर टाकतो, तो चर्र करून उडतो आणि नाकात जातो. शेवटी कांद्याची पात. सगळं मिळून तीन-चार मिनिटं.

आता खरी बघायची गोष्ट. प्लेट भरल्यावर तो कढई धुतो का? चांगला कारागीर लगेच पळीभर पाणी टाकतो, घासणीने गरागरा फिरवतो, पाणी बाहेर फेकतो आणि मग पुढची प्लेट घेतो. न धुता एकामागून एक प्लेटा काढणाऱ्याकडे आधीच्या ऑर्डरचा जळका लसूण तुमच्या भातात येतो. बादलीतलं पाणी किती गढूळ आहे ते बघा. मंचुरियनचे गोळे तळायच्या कढईत डोकावा: तेल काळं पडलं असेल, वर फेस धरत असेल, वासाने घशात खवखवत असेल तर तळलेलं काही घेऊ नका. चिरलेला कोबी झाकलेला आहे की रस्त्याची धूळ खातोय? आमच्या खान्देशात मार्चनंतर वारा सुटला की ही धूळ थोडीथोडकी नसते.

बसायला टेबलं असलेलं 'सेंटर' असेल तर एक कागद शोधा. अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर दर्शनी लावलेला असायला हवा. नुसत्या कागदाने अन्न चांगलं होत नाही हे खरं, पण तो नीट लावलेला असला की मालकाला नियमांची चाड आहे एवढं समजतं.

आणखी एक. गर्दीची गाडी चांगली, हे आपल्याकडे सगळेच सांगतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथे माल पडून राहत नाही. पण आठ ते साडेनऊच्या गर्दीत कारागीर कढई धुवायलाही थांबत नाही. पहिल्यांदा जाल तेव्हा सातच्या सुमाराला जा. भाज्या नुकत्या चिरलेल्या असतात, तेल नवं असतं, आणि तुमच्या प्रश्नांना उत्तर द्यायला माणूस मोकळा असतो.

भाताबद्दल, जरा सविस्तर

या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल. फ्राईड राईसचा भात आधी शिजवून गार केलेलाच लागतो, गरम भात कढईत टाकला तर त्याचा गोळा होतो. तेव्हा भात आधीचा आहे यात काही चूक नाही. तो कधी शिजवला आणि तोवर कुठे ठेवला, हे विचारायचं.

कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकून राहतात. शिजलेला भात तासन्‌तास उबदार जागी राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा कितीही परतलं तरी जात नाही. भट्टीवरून वाफाळत आलेली प्लेट बघून आपण निर्धास्त होतो, तिथेच फसतो. असा भात खाल्ला की एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

माझ्या बाबतीत हे एका एप्रिलमध्ये झालं. परीक्षा तोंडावर होती, रात्री साडेदहाला आम्ही तिघी एका गाडीवर गेलो. भात तळाशी उरलेला होता, जरा चिकट, हात लावला तर मऊ लागत होता. वासही किंचित वेगळा होता, पण भूक लागली होती. पहाटेपर्यंत तिघी आळीपाळीने बाथरूममध्ये. सकाळी रेक्टरबाईंनी मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि दुपारी सलाईन लावावं लागलं. गाडीवाल्याने मुद्दाम केलं नसणार, पण दुपारी उन्हात शिजवलेला भात रात्रीपर्यंत उघड्या पातेल्यात राहिला होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्या दिवसांत उघड्यावरच्या भाताला चार तासही फार झाले.

तेव्हा मार्च ते जूनमध्ये नूडल्स मागवा, त्याही लगेच उकडून घेतलेल्या असतील तर. भातच हवा असेल तर संध्याकाळी लवकर जा आणि सरळ विचारा, "भाऊ, भात किती वाजता लावला?" चांगला माणूस चिडत नाही. तो पातेल्याचं झाकण काढून दाखवतो.

बोर्ड कसा वाचायचा

नावं चाळीस असली तरी त्यामागे पाच-सहाच गोष्टी असतात. भात, नूडल्स, ग्रेव्ही, सुक्का पदार्थ, सूप. बाकी सॉसची अदलाबदल.

मंचुरियन म्हणजे कोबी-गाजराच्या किसात कॉर्नफ्लोअर आणि मैदा घालून तळलेले गोळे. 'ड्राय' आणि 'ग्रेव्ही' अशा दोन तऱ्हा. चीनमधल्या मांचुरिया भागाशी याचा संबंध नावापुरताच. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात लसूण, आलं, हिरवी मिरची परतून, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून कोंबडीचा नवा पदार्थ केला, तिथून हे सुरू झालं असं सांगितलं जातं. म्हणजे आपल्या घरची फोडणीच, फक्त जिऱ्या-मोहरीऐवजी सोया सॉस. मला तर यामुळेच ते परकं वाटत नाही.

हक्का नूडल्स म्हणजे उकडून, भाज्यांबरोबर परतलेल्या साध्या नूडल्स. हक्का हे चिनी लोकांमधल्या एका समाजाचं नाव आहे. कोलकात्याच्या टांगरा भागात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचा व्यवसाय करत राहिले, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरांतून आपल्याकडच्या चायनीजची सुरुवात झाली. पहिल्यांदा खाणाऱ्याने हक्का नूडल्सपासूनच सुरुवात करावी. तिखट नसतात, पोट भरतं, आणि बिघडवायला कठीण.

शेजवान म्हणजे तिखट. चीनच्या सिचुआन प्रांताचं नाव घसरत घसरत शेजवान झालं. तिकडच्या स्वयंपाकात एक मिरी असते, जिभेला मुंग्या आणणारी. कोकणातल्या तिरफळाची ती जवळची नातेवाईक. आपल्या शेजवान चटणीत ती मिरी नसते. तिच्यात असते सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, आलं, व्हिनेगर आणि तेल. ठेचा खाऊन वाढलेल्या आपल्या पोरांना वाटतं, आपल्याला काय तिखट लागणार! पण ठेच्याबरोबर भाकरी असते, वर दूध-दही असतं. इथे तसं काही नसतं. पहिल्या वेळी "शेजवान मीडियम" म्हणा, चटणी बाजूला घ्या.

ट्रिपल म्हणजे भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच प्लेटमध्ये, वर तळलेल्या नूडल्स. एकट्याने मागवू नका. दोघांचं, कधी तिघांचं त्यात भागतं. चायनीज भेळ म्हणजे तळलेल्या नूडल्सवर कच्चा कोबी, सिमला मिरची आणि सॉस. संध्याकाळी पाचची भूक भागवायला ठीक, जेवण म्हणून नाही. मोमो तिबेट-नेपाळकडचे, वाफवलेले. तेलाची भीती असलेल्यांसाठी बरे. बाकी सिंगापूर, हाँगकाँग, अमेरिकन चॉप्सी ही नावं नंतर सावकाश शिका.

लाल रंगाबद्दल मात्र थांबून सांगते. मंचुरियन किंवा चिकन लॉलीपॉप (कोंबडीच्या पंखाचा तळलेला तुकडा) खाल्ल्यावर बोटं गुलाबी झाली आणि साबणानेही रंग गेला नाही, तर तो मिरचीचा रंग नव्हे. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली ती याच कारणाने. ऑर्डर देताना "रंग नको" एवढे दोनच शब्द म्हणा. पदार्थ तपकिरी दिसेल, चवीत काही फरक पडत नाही.

आजीनोमोटोचंही, म्हणजे चव वाढवायला घालतात त्या पांढऱ्या पुडीचंही, तसंच. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ते वेगळं काढलं, पुढे कंपनीचं नाव हेच पदार्थाचं नाव झालं. त्याला मी विष मानत नाही, तोच घटक टोमॅटोतही असतो. पण कुणाला ते खाल्ल्यावर डोकं दुखतं, घाम येतो. तसं होत असेल तर कढई तापायच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

ऑर्डर देताना

कढईवरच्या माणसाला "भाऊ" म्हणा, वयाने मोठे असतील तर "काका". हा माणूस अनेकदा नेपाळचा, ओडिशाचा नाहीतर बंगालचा असतो. त्याचा चेहरा बघून "बहादूर" अशी हाक मारणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काय सरकून जातं तेही पाहिलं आहे. तोही तुमच्यासारखाच घर सोडून लांब आलाय, आणि तुमच्यापेक्षा खूप लांब. नाव विचारा. तिसऱ्या वेळी गेलात की तो तुम्हाला ओळखेल, तिखट किती लागतं ते त्याच्या लक्षात राहील. आमच्या ओळखीच्या एका कारागिराला आमच्या अहिराणीतलं "कितला?" (किती?) आणि "भो" (भाऊ) इतकं पक्कं जमलं होतं की नवीन मुलं त्याला पारोळ्याकडचा समजायची.

पहिल्या खेपेला दोघीतिघींनी काय मागवावं, ते थेट सांगते: एक मंचाव सूप (सोया सॉस घातलेलं दाट, काळपट सूप) वन बाय टू, एक फुल हक्का नूडल्स, एक हाफ मंचुरियन ग्रेव्ही. सूप वन बाय टू म्हटलं की तो दोन वाट्यांत ओतून देतो, बहुतेक ठिकाणी जादा पैसे लागत नाहीत. सूपवर टाकायच्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या मागा, नाहीतर मऊ पडतात. सगळं एकदम सांगू नका. गाडीवर जे आधी होईल ते आधी येतं, आणि ग्रेव्ही येऊन गार होते तोवर नूडल्सचा पत्ता नसतो. सूप पिता पिता पुढची ऑर्डर द्या.

हाफ म्हणजे नेमकं अर्धं नसतं आणि पैसे तर अर्ध्याहून जास्तच असतात. दोघांसाठी दोन हाफपेक्षा एक फुल घेऊन वाटून खाल्लेलं बरं पडतं. टेबलावरच्या व्हिनेगरमधल्या मिरच्या फुकट असतात. आधी पाणी चवीने जरा बघून घ्या, किंवा सरळ स्वतःची बाटली न्या. मी पाच वर्षं बाटली नेली.

शाकाहारी असाल तर

जळगावात जैन घरं पुष्कळ, यावल-रावेरकडे माळकरी घरं पुष्कळ, आणि श्रावणात तर निम्मं हॉस्टेल शाकाहारी होतं. माझी रावेरची रूममेट कांदा-लसूणही खात नसे. तिच्यामुळे मी हे प्रश्न विचारायला शिकले.

'व्हेज' लिहिलंय तेवढ्यावर थांबू नका. "कढई वेगळी आहे का?" हे विचारा. "तळायचं तेल वेगळं आहे का?" हेही विचारा, कारण चिकन लॉलीपॉप आणि व्हेज मंचुरियन अनेकदा एकाच तेलात तळले जातात. तिसरा प्रश्न सूपचा: सूपमध्ये साधं पाणी घालतात की चिकनचं पाणी? हा प्रश्न फार कमी जण विचारतात. नूडल्समध्ये अंडं आहे का, हा चौथा. उत्तर देताना माणूस चाचरला तर शुद्ध शाकाहारी गाडी बघा, जळगावात त्या भरपूर आहेत. जैन चायनीज सांगितलं तर लसूण-कांद्याशिवाय करून देतात, पण शेजवान चटणी तयार असते आणि तिच्यात लसूण असतोच. म्हणून जैन खाणाऱ्याने शेजवान घेऊ नये. गहू किंवा सोया सोसत नसेल तर मात्र ही जागाच तुमची नाही, सोया सॉसमध्येही बहुतेक वेळा गहू असतो.

पैसे आणि परतीची वाट

बसायच्या आधी टीटीएमएम (तू तुझे, मी माझे) की कुणाची पार्टी, हे बोलून घ्या. नवीन ओळखीत हे बोलायला संकोच वाटतो आणि मग ज्याच्याकडे पैसे कमी असतात तो गप्प बसून "मला भूक नाही" म्हणतो. धडगावची एक मुलगी आमच्याबरोबर तीन रविवार आली आणि तिन्ही वेळा तिला भूक नव्हती. चौथ्या रविवारी आम्ही एकच ट्रिपल मागवून चौघींत चार चमचे ठेवले, तेव्हा तिला भूक होती. तेव्हापासून आमच्या खोलीत वेगवेगळ्या प्लेटा मागवायच्या नाहीत, असंच ठरलं.

मोबाईलवरून पैसे देता येतात, पण गर्दीत नेटवर्क अडकतं. शंभरदोनशे रुपये सुटे जवळ ठेवा. टेबलांच्या हॉटेलात बिलावर 'सर्व्हिस चार्ज' लावला असेल तर तो देणं सक्तीचं नाही, काढायला सांगू शकता. गाडीवर हा प्रश्नच येत नाही.

मुलींसाठी वेगळं एक सांगायचं आहे. गेट बंद व्हायची वेळ आणि गाडीवरची गर्दी एकाच वेळेला येते. साडेआठच्या आत प्लेट हातात आली नाही तर ऑर्डर बदलून पार्सल करा आणि निघा. हायवेच्या कडेच्या गाड्यांवर एकटीने थांबू नका, तिथे रात्री ट्रकांची रांग असते आणि उजेड कमी असतो. पार्सल घ्यायला स्टीलचा डबा न्या. गरम ग्रेव्ही प्लास्टिकच्या पिशवीत ओतू देऊ नका, आणि सूप तर पार्सल मागवूच नका, रिक्षात ते हमखास सांडतं. रूमवर पोचलात की लगेच खा. उरलं तर सकाळसाठी झाकून ठेवू नका, हॉस्टेलवर फ्रीज नसतो आणि भाताचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

हिवाळा लागला की मात्र चायनीज जरा बाजूला ठेवा. डिसेंबरात कुणी ना कुणी मित्र भालोद-बामणोदकडच्या मळ्यात भरीत पार्टीला बोलावतो. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरच्या-लसूण ठेचला जातो, आणि केळीच्या पानावर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुरीबरोबर ते वाढलं जातं. त्या बोलावण्याला नाही म्हणू नका. आमच्या गाडीवरच्या त्या कारागिरालाही आम्ही एकदा सोबत नेलं होतं. त्याने भरिताचा पहिला घास घेतला, थोडा वेळ काही बोलला नाही, मग आमच्याकडे बघून विचारलं की यात व्हिनेगर टाकलं तर चालेल का. मळ्याच्या मालकाने त्याच्यापुढे लिंबू ठेवलं.